पंधरा माणसं, एक छत्री आणि आतोबा

माझ्या आतोबांना देवाने बूड दिलं नव्हतं. हे मी कुठल्याही कोर्टात शपथेवर सांगायला तयार आहे. आत्याचे यजमान म्हणून आतोबा, एवढंच त्यांच्याबाबतीत कायम टिकून राहिलेलं. बाकी सगळं चालतं-फिरतं. गवीपुरमच्या त्यांच्या घरात लग्नात मिळालेली एक वेताची खुर्ची होती. बत्तीस वर्षांनंतरही तिचा वेत असा ताठ, की चिकपेटेतल्या दुकानदाराने ती नवी म्हणून ठेवून घेतली असती. आतोबा कॉफी उभ्याने पीत. वर्तमानपत्र अंगणात येरझाऱ्या घालत वाचत. पहिल्या पानावरचा अपघात तुळशीपाशी सुरू व्हायचा आणि त्यातले जखमी नळापाशी इस्पितळात पोचायचे. त्यांचा न्हावी हाही बंगळुरातला एकमेव न्हावी असेल ज्याने गिऱ्हाइकाच्या मागे चालत चालत केस कापले. स्वतःच्या लग्नात सप्तपदीची सात पावलं ते इतक्या तडफेने चालले, की पाचव्या पावलाला ते मांडवाबाहेर होते आणि आत्या उपरण्याच्या गाठीला धरून मागून ओढली जात होती, असं आमचे वडील सांगत. घरातल्या एकाही फोटोत ते धड आलेले नव्हते. फोटोवाला ‘रेडी’ म्हणेपर्यंत असायचे, बटण दाबलं की नसायचे. माझ्या मुंजीच्या फोटोत आत्याच्या शेजारी जो पांढुरका ढग दिसतो, ते आतोबा.

असा माणूस नोकरीत असेपर्यंत ठीक असतो. सरकारी कारखान्याच्या खरेदी खात्यात होते. आज कोइमतूर, उद्या कानपूर, परवा राउरकेला. आत्या डबा भरायची, बॅग भरायची आणि फाटकापर्यंत जायची. ती स्वतः बत्तीस वर्षांत मैसूरच्या पलीकडे गेली नव्हती. मग नव्वदीच्या सुरुवातीला आतोबा निवृत्त झाले आणि भारत देश त्यांना एकाएकी अपुरा पडू लागला. तेव्हा नुकती स्वस्त परदेश सहलींची टूम निघाली होती. मॅजेस्टिकजवळच्या एका एजंटाकडून त्यांनी रंगीत पत्रक आणलं: सिंगापूर-मलेशिया, सहा दिवस, शाकाहारी जेवणासह. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की, पंधरा माणसं जमवणाऱ्याला सोळावी जागा फुकट. ती एक ओळ वाचून आतोबा जे घराबाहेर पडले ते पंधरा माणसं घेऊनच परतले म्हणा ना.

आत्याला सिंगापूरचं काही पडलेलं नव्हतं. पण विमान म्हटल्यावर तिने पोळी लाटता लाटता मान वर केली.

“अहो, विमानात म्हणे माणसाला पट्ट्याने बांधून ठेवतात?”

“बांधतात म्हणजे काय! कायदा आहे.”

“किती वेळ?”

“मद्रास ते सिंगापूर चार तास.”

“मग मी येते,” आत्या म्हणाली. “तुम्हाला चार तास माझ्या शेजारी बसलेलं एकदा बघायचंय मला.”

आतोबा हसले आणि हसता हसता मागच्या दाराने निघूनही गेले. आत्या मात्र हसली नव्हती. मी तिथेच होतो, म्हणून सांगतो. दुसऱ्या दिवशी तिने ट्रंकेच्या तळाशी ठेवलेली आपली मॅट्रिकची सर्टिफिकिटं काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाली, “फॉर्म तू भर रे बाबा. त्यांच्या हातात कागद टिकत नाही.”

पंधरा माणसं म्हणजे आत्या आणि आणखी चौदा. ही चौदा माणसं आतोबांनी बंगळूरच्या चारी कोपऱ्यांतून वेचून आणली. त्यात कारखान्यातले एक स्टोअरकीपर होते, जे स्वतःच्या घरातून बाहेर पडतानाही पावती मागायचे. दोन शिक्षिका बहिणी होत्या; थोरली बोलायची आणि धाकटी ‘सरी, सरी’ म्हणून मान डोलवायची. एक जोडपं परदेशात ताक मिळेल की नाही या एकाच काळजीने तीन आठवडे झोपलं नव्हतं. या सगळ्यांना सिंगापूरला नेण्याआधी तयार करायला हवं, असं आतोबांनी ठरवलं आणि लालबागेत रोज सकाळी सहाला सरावाचे वर्ग सुरू झाले.

सराव म्हणजे थट्टा नव्हती. आतोबा काळी छत्री उंच धरून पुढे, आणि गटाने छत्रीवर नजर ठेवून मागे. “परदेशात चेहरा शोधायचा नाही, छत्री शोधायची!” हा पहिला धडा. दुसरा धडा रांगेचा. लालबागेच्या फाटकात आतोबा स्वतःच परदेशी अधिकारी होऊन उभे राहत आणि प्रत्येकाला इंग्रजीत दरडावून विचारत, “पर्पज ऑफ व्हिजिट?” थोरल्या शिक्षिकाबाईंनी “व्हिजिट” असं उत्तर दिल्याबद्दल त्यांना तीन वेळा बंगळुरात परत पाठवण्यात आलं. तिसरा धडा सामानाचा. रद्दीवाल्याचा तराजू आंब्याच्या फांदीला टांगून सर्वांच्या बॅगा तोलल्या गेल्या. ताकवाल्या जोडप्याच्या बॅगेत पाच किलो नुसतं मेतकूट निघालं.

“अण्णा, स्वल्प हळू चाला हो,” स्टोअरकीपर धापा टाकत म्हणायचे.

“सिंगापूर काय तुमच्यासाठी थांबणार आहे?” आतोबा वीस पावलं पुढून ओरडायचे.

आणि एका ढगाळ सकाळी व्हायचं ते झालं. लालबागेत दुसऱ्याही एका गृहस्थाने काळी छत्री उघडली. आतोबा आपल्या वेगाने तळ्याला वळसा घालून गेले आणि गट शिकवल्याप्रमाणे, चेहरा न शोधता, दिसेल त्या छत्रीमागे निघाला. ते बिचारे गृहस्थ जयनगरला राहत होते. त्यांनी वाटेत दोनदा मागे वळून पाहिलं, चालण्याचा वेग वाढवला, तसा गटानेही वाढवला. शेवटी ते आपल्या घरात शिरले तर चौदा माणसं ओळीने चपला काढून आत. त्यांच्या बायकोने चौदा जणांना कॉफी दिली, उप्पिट्टू दिलं, आणि हे नवऱ्याकडचे नातेवाईक समजून कुंकूही लावलं. आतोबांना हे कळल्यावर ते रागावतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, “शिस्त आली!”

एकेक पासपोर्ट येऊ लागला. ज्याचा येईल तो आतोबांना पेढा आणून देई आणि आतोबा तो चालता चालता खात. चौदा आले, आतोबांचा आला. फॉर्म भरता भरता मी माझाही हळूच काढून ठेवला होता, तोही आला, हे इथेच कबूल केलेलं बरं. आत्याचा येईना. निघायला बारा दिवस राहिले तेव्हा आतोबा मला घेऊन पासपोर्ट कचेरीत गेले. त्याआधी ते एकटेच आठ वेळा जाऊन आले होते, पण दर वेळी टोकन पुकारलं जाईपर्यंत दम न निघून परत आले होते. नवव्या वेळी मी त्यांचा शर्ट धरून उभा राहिलो.

कारकुनाने फाईल उघडली. “पोलीस चौकशी झाली आहे. या नावाची व्यक्ती पत्त्यावर राहत नाही, असा शेरा आहे.”

“राहत नाही?” आतोबा कडाडले. “बत्तीस वर्षं राहते! कोणी सांगितलं तुमच्या पोलिसाला?”

“घरातल्याच एका गृहस्थांनी.”

“कोण तो मूर्ख गृहस्थ?”

कारकुनाने शेरा पुढे वाचला आणि चष्म्यावरून आतोबांकडे बघितलं. “वय साठच्या आसपास. बनियनवर होते. फाटकापाशी घाईत भेटले. हातात काळी छत्री.”

आतोबा आयुष्यात पहिल्यांदाच जागच्या जागी उभे राहिले.

आता झालं होतं ते असं. मी फॉर्म भरला तो आत्याच्या मॅट्रिकच्या सर्टिफिकिटावरून. त्यावर तिचं माहेरचं नाव होतं, इंदुमती. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने आतोबांनी लिहिलं ते सुहासिनी. तेव्हापासून सासरी ती सुहासिनी, माहेरी सगळ्यांची अक्का, आणि आतोबांपुरती “अगं, ऐकलंस का.” सासरचं नाव तेवढं शिधापत्रिकेवर, आणि पासपोर्टला जन्मतारखेचा पुरावा हवा म्हणून माहेरचं फॉर्मवर, दोन्ही बायका एकच, असं कोर्टाचं प्रतिज्ञापत्रही मी जोडलं होतं. पण फाटकात उभ्या असलेल्या कॉन्स्टेबलकडे प्रतिज्ञापत्र कुठलं? त्याने विचारलं, “इंदुमती अन्नोरु इद्दारा?” इंदुमती नावाच्या बाई राहतात का? आणि लालबागेला उशीर होत असलेल्या आतोबांनी छत्री हलवून सांगितलं, “इल्ल, इल्ल! मुंदे होगी!” नाहीत, पुढे जा. पुढच्या क्रॉसला एक गिरणीवाली आहे, तिचं नाव असेल, असंही सुचवलं. कोणी मुद्दाम खोटं बोललं नव्हतं. आतोबांना ते नाव आठवलंच नाही. ज्या दिवशी ते पुसलं त्याच दिवशी विसरले.

घरी येऊन मीच आत्याला सगळं सांगितलं. आतोबा अंगणात होते, पण फेऱ्या बंद होत्या. आत्या रागावली असती तर बरं झालं असतं. ती भाजी निवडत राहिली आणि म्हणाली, “मलासुद्धा लगेच कळलं नसतं. किती वर्षांत कोणी हाक मारली नाही.” मग थोड्या वेळाने, “विमानात पट्टा घट्ट असतो का रे? तू जाशील तेव्हा बघ.”

फेरचौकशीला पोलीस पुन्हा येणार होते, पण कधी ते कचेरीत कोणी सांगेना. सहल थांबण्यासारखी नव्हती. पंधरातला एक कमी झाला तर सगळ्यांचाच दर वाढणार. आत्याच्या जागी ताकवाल्यांची मेव्हणी पासपोर्टासकट तयारच होती. उरली फुकटची सोळावी जागा. आम्ही सगळ्यांनी आतोबांना परोपरीने सांगितलं, तुम्ही तरी जा, इतकी खटपट केलीत. आत्यानेही सांगितलं. स्टेशनवर मद्रासच्या गाडीत सगळे चढले, आतोबांनी प्रत्येकाची बॅग मोजली, प्रत्येकाला “पर्पज ऑफ व्हिजिट” विचारून घेतला, आणि गाडी हलता हलता छत्री खिडकीतून माझ्या हातात कोंबली.

“उंच धर!” ते ओरडले. “आणि हळू चाल, म्हातारी माणसं आहेत!”

सिंगापूरबद्दल मी इथे काही लिहिणार नाही. एवढंच सांगतो, की विमानतळावरच्या अधिकाऱ्याने कोणालाही काहीच विचारलं नाही आणि चौदा माणसांचा भयंकर हिरमोड झाला. थोरल्या बाईंनी तर त्याला आपण होऊन उत्तर दिलं.

परतल्यावर स्टेशनवरून थेट गवीपुरमला गेलो. रिक्षा वळणावर आली आणि मला वाटलं, रिक्षावाल्याने चुकीच्या गल्लीत घातली. फाटकाच्या आत ती वेताची खुर्ची होती आणि खुर्चीवर आतोबा बसले होते. मांडीवर फाईल. अंगात इस्त्रीचा शर्ट. डोळे रस्त्याच्या टोकाला. म्हटलं, आता सिंगापूरची झाडाझडती होणार, छत्री कोणी धरली, कोण हरवलं, ताक मिळालं का. त्यांनी एवढंच विचारलं, “येताना कोपऱ्यावर कॉन्स्टेबल दिसला का रे?”

आत्या दारातून म्हणाली, “सात दिवस असेच बसलेत. म्हटलं, मी घरातच असते, मी सांगेन त्याला. ऐकत नाहीत.”

“‘नाही’ मी म्हटलं,” आतोबा मान न वळवता म्हणाले, “‘हो’सुद्धा मीच म्हणणार.”

माझ्या कॅमेऱ्यात रोलचा एकच फोटो शिल्लक होता. मी तो तिथेच काढला. त्यांना कळलंही नाही.

कॉन्स्टेबल आला तो त्यानंतर बाराव्या दिवशी. म्हणजे एकूण एकोणीस दिवस आतोबा त्या खुर्चीत होते. जेवण तिथे, वर्तमानपत्र तिथे, न्हावी तिथे. न्हाव्याला बसलेलं डोकं भादरायची सवय नसल्याने त्याने एका बाजूचे केस जास्त उडवले, ते सोडा. कॉन्स्टेबलने कागद काढून नाव वाचायला सुरुवात केली, तोच आतोबा उभे राहिले. “इद्दारे!” आहेत! मग घराकडे तोंड करून त्यांनी हाक मारली, “इंदू!”

आतून कोणी आलं नाही. त्यांनी पुन्हा हाक मारली. स्वयंपाकघरात भांडं ठेवल्याचा आवाज आला आणि आत्या पदराला हात पुसत, शेजारून कोणी आलंय का बघावं तशी बाहेर आली. म्हणाली, “कोण? मी?”

पुढच्या वर्षी आतोबांनी नवी पंधरा माणसं जमवली, पुन्हा लालबाग, पुन्हा तराजू, आणि दोघं जाऊन आली. तिथल्या फोटोंत आत्या छान आली आहे. शेजारी नेहमीचा ढग. त्यानंतर आतोबा फार वर्षं जगले नाहीत. मध्ये एकदा आत्याकडे बसलो होतो तेव्हा मी तिला विचारलं, “बसले होते का गं चार तास?”

“बसले होते की,” ती म्हणाली. “पण तिथे पट्टा होता.”

आणि समोरच्या भिंतीकडे बघत राहिली. तिथे सिंगापूरचा एकही फोटो नाही. रोलमधला तो शेवटचा आहे, वेताच्या खुर्चीतला. त्यात आतोबांच्या शर्टाची बटणंसुद्धा मोजता येतात.