बफर नसलेली चिप

वैभवीनं आराखडा केलेली चिप बनून कुरिअरनं आली, तेव्हा तिच्या आईनं, पंचफुलाबाईनं, डबी आधी देवापुढं ठेवली. चण्याच्या डाळीएवढी वस्तू, पण तिच्यापायी लेक अनसिंग गावाहून रोज कॉलेजात शिकवायला जाऊन उरलेल्या वेळात पीएचडीला जुंपून घ्यायची.

वैभवीचं सर्किट गुणाकार करायचं. आकड्यांऐवजी दोन व्होल्टेज द्यायचे, त्यांचा गुणाकार तिसरा व्होल्टेज होऊन बाहेर यायचा. पंचाईत एवढीच, की वेग वाढवला की वीज जास्त लागते आणि वीज वाचवली की वेग जातो. संगणकावर तिनं दोन्ही साधलं होतं.

लॅबमध्ये तिनं चिप जोडली. सावकाश बदलणारे सिग्नल दिले, गुणाकार बिनचूक. वेग वाढवला तशी पडद्यावरची लाट बसत गेली आणि शेवटी सपाट रेघ झाली. तारा बदलल्या, डबीतली दुसरी चिप लावली. तेच.

मग कारण लक्षात आलं आणि तिला ओरडावंसं वाटलं. आत सर्किट बहुधा नीट चालत होतं. पण इतक्या कमी विजेवर चालणाऱ्या सर्किटला बाहेरच्या पिनचा, तारेचा, मोजणीच्या प्रोबचा भार ओढवत नव्हता. तो भार पेलायला सर्किटच्या शेवटी बफर नावाचा वेगळा टप्पा लागतो. तिच्या पहिल्या आराखड्यात तो होता. "काढून टाका, वीज खातो. पेपरात विजेचा आकडा चांगला दिसेल," असं मार्गदर्शक सरच म्हणाले होते.

आता तेच सर फोनवर म्हणाले, "बफर का नाही टाकला? इतकं साधं कळू नये?"

"सर, तुम्हीच म्हणाला होता…"

"जाऊ द्या. पुढच्या वेळी बघू."

घरी आईनं विचारलं, "बिघडली काय वं?"

"नाही माय. आत गुणाकार करून राह्यली असन. उत्तर बाहेर येत नाही. बाहेर ढकलणारा भाग सरानं काढाले लावला होता."

"मंग तसं सांग ना समद्याइले."

"दाखवल्याबिगर कोण मानते?"

"अन् सरानं काढाले लावलं तं तू काहून ऐकलं?"

वैभवी ताटावरून उठली.

मोजलं तेवढंच तिनं पेपरात लिहिलं. 'वेगाचा दावा सिद्ध होत नाही' म्हणून नियतकालिकाकडून पेपर परत आला. तिनं आराखड्यात बफर पुन्हा टाकला, सरांना न विचारता. विद्यापीठामार्फत चिप बनवायची पुढची संधी कधी, कोणी सांगत नाही. सध्या ती पहिल्या वर्षाला ओहमचा नियम शिकवते आणि पोरांचं उत्तर चुकलं की नको तितकी चिडते.