ऐंशी दिवस आणि घरामागचा उतार

मी हट्टी आहे असं सगळे म्हणतात. आहेच, आणि त्याची मला लाज नाही.

आम्ही कोकणातले ज्यू. चौसष्ट साली नव्या ज्यू देशात, उत्तरेला गालीलच्या डोंगरात राहायचो. पत्र्याचं घर, पाठीला गुळगुळीत खडकाचा उभा उतार. नवरा हैफाच्या बंदरावर कामाला, शनिवारच्या शब्बाथपुरता घरी यायचा. बाकी आठवडा मी, मामंजी आणि माझी बावन्न दिवसांची लेक. आमच्यात मुलगी झाली की ऐंशी दिवस आई-लेकीनं उंबरा ओलांडायचा नाही. मामंजी रोज दिवस मोजायचे.

थंडी सरतानाचा पुरीमचा सण होऊन गेला आणि अवचित दोन दिवस बर्फ पडला. तिसऱ्या दिवशी असं कडक ऊन पडलं की पत्रे ठिबकायला लागले. शेजारची कुर्दी म्हातारी खिडकीशी आली. तिचं बालपण बर्फाच्या डोंगरात गेलेलं. तिनं उतारावरच्या बर्फात काठी खुपसली. वर कडक, आत नुसता लगदा. मग माथ्याकडे बोट दाखवलं. तिथे बर्फाला आडवी भेग पडली होती.

"हे खाली येणार," ती मोडक्या हिब्रूत म्हणाली. "पायथ्याला हात लावू नका, वरच्याचा आधार सुटेल. पोरीला घेऊन माझ्याकडे ये." तिचं घर पलीकडे उंचवट्यावर होतं.

मामंजी हसले. "बर्फ म्हणजे गोठलेलं पाणीच ना? कोकणात दर पावसाळ्याआधी घरामागे पाट खणायचो मी. पाणी बाजूनं जातं, घराला शिवत नाही."

"मामंजी, हे पाणी नाही. ती सांगते ते ऐका."

"तू बाळंतीण, आत बस. आणि पोरीला बाहेर काढायचं नाही, सांगून ठेवतो. अजून अठ्ठावीस दिवस आहेत."

पालथ्या घड्यावर पाणी! कुदळ घेऊन ते मागे गेले आणि नेमके पायथ्याशीच खणायला लागले. पहिला घाव ऐकला आणि मी पाळण्याकडे धावले. पाळणा मागच्या भिंतीलाच लागून होता. दोनदा ओरडले, "पुरे करा हो!" त्यांनी मानसुद्धा वर केली नाही. म्हटलं, गेले ते ऐंशी दिवस खड्ड्यात! नवसाला पावणारा आमचा पैगंबर एलियाहू हन्नाबी सांभाळून घेईल, नाही घेतलं तर मी भांडेन त्याच्याशी. पोरीला जुन्या लुगड्यात गुंडाळलं आणि पुढच्या दारानं निघाले.

म्हातारीच्या दारात पोचते न पोचते तोच मागे धप्प झालं. भाताची गोण पडावी, एवढाच आवाज. पोरीला छातीशी धरून मी तशीच परत धावले.

मागची भिंत आत वाकली होती. पाळण्याच्या जागी छातीएवढा बर्फ. मामंजींना एका बाजूला फेकून तो आत घुसला होता. आता ते कमरेइतके त्यात शिरून नुसत्या हातांनी उपसत होते. "बाय माझी, बाय माझी," एवढंच तोंडात. बोटं रक्ताळलेली. मी हाका मारत होते, त्यांना ऐकूच येईना. शेवटी पोर रडली.

ते वळले, बर्फातून बाहेर आले आणि खाली बसले.

"माझं ऐकलं नाहीस ना?"

"नाही, मामंजी."

"बरं केलंस गं, बाय."

त्यांनी पोरीसाठी हात पुढे केले आणि लगेच मागे घेतले. हात गारठले होते. ते काखेत धरून ऊब येईपर्यंत ते तसेच बसून राहिले, आणि मगच त्यांनी तिला घेतलं.