चोपन्न किलोचे आबा

माझ्या वडिलांना पोटाचा कॅन्सर झाला आणि त्यांचं वजन वाढायला लागलं.

असं होत नाही, हे मलाही ठाऊक आहे. पण शिवाजी पेठेत आमचं वजनकाटे दुरुस्तीचं दुकान आहे. काटा आमचा, वजनं आमची आणि (कमी पडली ती) अक्कलही आमचीच! आबांनी हा धंदा चाळीस वर्षं केला आणि मग माझ्या हवाली केला. भाजीवाल्यापासून सोनारापर्यंत सगळे आमच्याकडे काटा खरा करून घ्यायला येतात. गिऱ्हाइकानं कितीही लाडीगोडी लावली तरी काट्याला खोटं बोलायला शिकवायचं नाही, एवढा एकच नियम आबांनी मला घालून दिला होता.

डॉक्टर म्हणाले, "गाठ काढता येईल. पण महिनाभरानं, आणि वजन पन्नासच्या वर असेल तरच. नाहीतर ऑपरेशन झेपणार नाही. खाऊ घाला त्यांना." तेव्हा आबा बावन्न किलो होते. मी म्हटलं, वजनच ना? ते तर आपल्या हातातलं काम!

दर रविवारी सकाळी दुकानातल्या आमच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर आबांनी उभं राहायचं ठरलं. साक्षीला माझी मुलगी ऋतुजा. ती अकरावी सायन्सला आहे. इतरांच्या पोरांना सर्दी होते, आमच्या पोरीला प्रश्न होतात.

"पप्पा, वजन आन् वस्तुमानात फरक काय?"

"एकच की गं. पुस्तकवाल्यांनी दोन नावं ठिवल्यात."

"न्हाय! चंद्रावर वजन कमी हुतंय, वस्तुमान तेवढंच ऱ्हातंय."

"चंद्रावरनं काटा दुरुस्तीला आला की बघू!"

आबा खदखदून हसले आणि काट्यावर चढले. एक्कावन्न. पुढच्या रविवारी एकोणपन्नास.

तो आकडा आबांनी दोनदा वाचला. मग जेवताना ताट बाजूला सारलं. "कशाला खाऊ? पन्नास तर मोडलंच की!" मी हबकलो. माणसानं खायचंच सोडलं तर उरलं काय? दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून मी काटा उघडला. रिकामा असताना तो शून्यच दाखवणार (नाहीतर आबांनी दारातूनच ओळखलं असतं!), पण वर कुणी चढलं की शंभराला सहा किलो जास्त. आपण हे मायेपोटी करतोय, असं मी स्वतःला सांगत होतो. मापात मारणारा प्रत्येक जण स्वतःला असंच काहीतरी सांगत असणार.

पुढचा रविवार. थंडी वाजते म्हणून आबा जाकीट घालून आले आणि हळूच काट्यावर चढले. त्रेपन्न!

"आरं वा!" आबांचा चेहरा उजळला.

मी कोपऱ्यात जाऊन हिशेब केला. वाढीव वजा करता खरे पन्नास! म्हणजे आबा एक किलोनं खरोखरच वाढले होते! मी शाहूवाडीला बहिणीला फोन लावला. "आक्का, आबा वाढाय लागलं!" तिकडून नवा तांदूळ आणि डबाभर तूप आलं. त्या गडबडीत माझी बायको सहज म्हणून काट्यावर चढली आणि तिनं किंकाळी फोडली.

"आवं! च्यार किलो वाढलं की माजं!"

तिला खरं सांगता येईना. ती रात्रीचा भात सोडून पहाटे रंकाळ्याला चकरा मारू लागली. आबा दोन घासांवर उठत, बायको ताटाला हात लावीना, आणि आक्काचं तूप वाया जाऊ नये म्हणून मी एकटाच खात बसे. त्या महिन्यात आमच्या घरात खरं वजन फक्त माझं वाढलं.

त्यानंतरच्या रविवारी चोपन्न! माझ्या हिशेबानं खरे एक्कावन्न. मी पेढे आणायला निघालो, तोच ऋतुजा आडवी आली.

"पप्पा, आबा दोन घास खात्यात. मग वस्तुमान आलं कुठनं?"

"हवापाण्यानं येतंय."

"च्यार-पाच किलो हवा? आवं, तेवढ्या हवेला आख्खी मोरी लागंल! ती आबांच्यात कुठं मावली?"

"तू परीक्षेचा अभ्यास कर!" मी ओरडलो. ज्या बापाला उत्तर येत नाही त्याचं हे ठरलेलं उत्तर.

ठरल्या दिवशी आम्ही तिघं दवाखान्यात गेलो. डॉक्टरांसमोरच सिस्टर म्हणाली, "आजोबा, जाकीट काढा."

"थंडी वाजत्या बाई."

"दोनच मिनिटं." तिनं जाकीट हातात घेतलं मात्र, तिचा हात खालीच गेला! धाडकन आवाज झाला आणि दोन्ही खिशांतून एकेक दोन किलोचं लोखंडी वजन फरशीवर गडगडलं. आमच्याच दुकानातलं, वर सरकारी शिक्का! आबा अंगावरच्या सदऱ्यानिशी काट्यावर चढले. साडेसेहेचाळीस.

"आबा!" मी ओरडलो. "आमास्नी फसवलासा?"

"एकोणपन्नास दिसल्यावर तुजं तोंड बघवंना रं," आबा खाली बघत म्हणाले. "म्हटलं, खिशात दोन किलो घालून पन्नास तरी दिसूदे. तर त्रेपन्न दिसलं! म्हंजे मी खरंच एक्कावन्न भरलो, असं वाटलं. मग भ्या वाटून पुढच्या बारीला आनी दोन घातलं. लई बरं वाटत हुतं बघ मला."

मी चाळीस वर्षांच्या इमानदारीवर भाषण सुरू करणार होतो. तेवढ्यात ऋतुजानं बोटं मोजली.

"पप्पा, गेल्या रविवारी आबा लई तर सत्तेचाळीस. खिशात च्यार. झालं एक्कावन्न. काटा तर चोपन्न दाखवत हुता. वरचं तीन किलो कुठलं?"

डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं. सिस्टरनं पाहिलं. आबा मात्र बघतच राहिले.

"शंभराला किती ठिवलंस?" त्यांनी विचारलं.

"सहा."

"शून्य हलवलं न्हाईस न्हवं?"

"न्हाय."

"हात चांगला बसलाय तुजा," आबा म्हणाले. कारागीर म्हणून त्यांनी माझं केलेलं हे एकमेव कौतुक.

डॉक्टर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. "दोन आठवड्यांपूर्वी खरा आकडा कळला असता तर नळीनं अन्न सुरू केलं असतं," एवढंच म्हणाले. ते वाक्य मी अजून कुणालाही सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. मला त्याची लाज वाटते आणि मनातून ते जात नाही.

परतताना आम्ही लिफ्टमध्ये शिरलो. ऋतुजानं आबांचा हात धरला होता. काहीतरी बोलायचं म्हणून ती म्हणाली, "आबा, लिफ्ट वर निघाली की काट्यावर वजन जास्त दिसतंय. आमच्या पुस्तकात हाय."

"मग काटा लिफ्टातच ठिवायचा की गं! तुज्या बापाला उगंच तरास."

आम्ही तिघंही हसलो. तळमजला येईपर्यंत हसलो.

नळी लावली, पण उशीर झाला होता. दीड महिन्यात आबा गेले.

काही दिवसांनी ऋतुजानं प्रॅक्टिकलची वही पालकांच्या सहीसाठी माझ्यापुढं ठेवली. आमच्याच काट्यावर एक ते वीस किलोची वजनं ठेवून तिनं तक्ता केला होता. (काटा पुन्हा उघडायला मला धीर झाला नव्हता.) प्रत्येक आकडा वाढीव. खाली 'त्रुटीचे कारण' या मथळ्याखाली तिनं लिहिलं होतं, 'उपकरणात दोष नाही. दुरुस्त करणारा घाबरला होता.'

त्यावर तिच्या सरांनी लाल पेनानं फुली मारली होती. 'असे लिहू नये. काटा बिघडलेला आहे. जाणकार कारागिराकडून तपासून घ्यावा.'

मी सही केली आणि हाताच्या सवयीनं खाली दुकानाचा शिक्का मारला. 'वजनकाट्यांचे जाणकार कारागीर, शिवाजी पेठ.'