मे महिन्यात गोठलेलं तेल

मायच्या खोलीच्या भिंतीवर एक पांढरी डबी आहे. तळहाताएवढी, चार बटणांची, मधोमध आकडे दाखवणारी. तिच्याकडे पाहिलं की मला अजूनही शिसारी येते. डबीचा त्यात काडीचाही दोष नाही, हे मला ठाऊक आहे, आणि म्हणूनच ती जास्त येते.

माय ऐंशी ओलांडलेली. गेल्या वर्षी चैत्रात तिला लकवा मारला. उजवं अंग गेलं, बोलणंही गेलं, फक्त एक शब्द उरला: हाव. पाणी पाहिजे का? हाव. पाणी नको का? हाव. डॉक्टर म्हणाले, डोकं शाबूत आहे, कळतं सगळं, पण तोंडातून एवढंच निघेल. जन्मभर जिनं कोणाच्या म्हणण्याला सरळ होकार दिला नाही, तिच्याजवळ आता होकाराशिवाय काही राहिलं नव्हतं. खरं काय ते तिच्या डोळ्यांवरून आणि डाव्या हातावरून ओळखायचं, असं डॉक्टरांनी मला आणि बायकोला दोनदा बजावलं होतं.

मलकापूरचा मे महिना कसा असतो हे इथल्या माणसाला सांगायला नको, आणि बाहेरच्याला सांगून पटत नाही. डॉक्टरांनी सांगितलं, खोली सव्वीस-सत्तावीसवर ठेवा, ऊन बाधलं तर हातची जाईल. आमच्याकडे कूलर होता. त्याच्या गवताच्या ताट्यांना असा कुबट वास यायचा की दोन मिनिटांत मळमळावं, आणि त्या ओलसर हवेनं मायच्या छातीत घरघर सुरू व्हायची. पुण्याच्या पोरानं मग थंड-गरम दोन्ही करणारं यंत्र पाठवलं. खोली बेताची, यंत्र भलं मोठं. आजीसाठी काही कमी पडायला नको, असं त्याचं म्हणणं.

बसवायला आलेल्या माणसाच्या तोंडात खर्रा होता. त्यानं खिडकीतून पिंक टाकली ती थेट मायच्या तुळशीवर. मी बोललो तर हसला. भिंतीवरच्या डबीला तो थर्मोस्टॅट म्हणत होता. ती त्यानं खोलीतल्या देव्हाऱ्याच्या फळीच्या वर, हातभर अंतरावर ठोकली. मी विचारलं, दुसरीकडे नाही का बसणार?

"सर, वायरीचा पाइप इथंच निंगते," तो म्हणाला. "भिंत फोडू का तुमची?"

भिंत फोडू नको म्हणालो. आपल्या घरात आपल्याला असं गप्प करणारी माणसं दर चार दिवसांनी भेटतात. तो गेल्यावर मी तुळशीचं पान न् पान धुतलं.

मी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. यंत्राच्या पुस्तिकेत अकरा भाषा होत्या, त्यांत मराठी नव्हती, तरी दोन दुपारी बसून मी ती पचवली. सकाळी अठ्ठावीस, दुपारी सव्वीस, संध्याकाळी सत्तावीस, रात्री पुन्हा अठ्ठावीस. डबीतलं घड्याळ लावलं, दिवसाचे चार भाग पाडले, आणि हिवाळ्यासाठी गरम हवेचा कार्यक्रमसुद्धा मेमध्येच भरून ठेवला, कारण मायला थंडी मुळीच सोसत नाही. पौषात ती शेगडी सोडून उठायची नाही. बायको दारात उभी राहून हे सगळं पाहत होती.

"आता त्या डबीले पेपर देऊन पाहा. पास होते का ते," ती म्हणाली.

पहिले आठ-दहा दिवस डबी पहिल्या नंबरानं पास झाली. सव्वीस म्हटलं की सव्वीस. खोली गार झाली की यंत्र आपोआप मंद व्हायचं. माय शांत झोपायची. मी शेजाऱ्यांना बोलावून आकडा दाखवत असे. आज ते आठवलं तरी कानशिलं तापतात.

मग बायकोनं नवस केला. मायला उठून बसता यावं म्हणून सव्वा महिना अखंड दिवा. मी नवसाचा माणूस नाही, पण घरात दुखणं असताना बायकोच्या दिव्याला नाही म्हणण्याइतका दगडही नाही. देव्हाऱ्याच्या फळीवर समई लागली.

त्याच आठवड्यात पाहुण्यांचा रतीब सुरू झाला. मलकापुरात एका म्हातारीच्या खोलीत हिवाळा नांदतो, ही बातमी नात्यात पसरायला वेळ लागला नाही. वर्षानुवर्षं तोंड न दाखवलेली माणसं मायला भेटायला येऊ लागली, आणि सगळी नेमकी बारा ते पाचच्या दरम्यान. सगळ्यांत नेमानं यायचा वडनेर भोलजीचा माझा चुलतभाऊ. "काकूले पाह्याले आलो," असं दारातच म्हणायचा, काकूकडे एकदा पाहायचा, आणि खाली सतरंजी टाकून आडवा व्हायचा. पंधराव्या मिनिटाला घोरणं. उठला की पोट खाजवत चहा. घामानं भिजलेला शर्ट तो मायच्या पलंगाच्या कठड्यावर वाळत घालायचा, तिच्या नाकापासून वीतभर अंतरावर. मोबाइल लावायला तिच्या औषधाच्या वाफाऱ्याची पिन काढून ठेवायचा. लाज कशाशी खातात हे त्या माणसाला कोणी शिकवलंच नव्हतं.

आणि त्यांचा तो खेळ. मायकडे एकच शब्द आहे हे कळल्यावर त्यांना खेळणंच मिळालं.

"काकू, मी कलेक्टर हाये ना?"

"हाव."

"पाहा बे, काकूनं कलेक्टर केलं मले!"

सगळी खोली खदखदून हसायची. मायचा डावा हात चादरीवर मुठीत आवळलेला असायचा. एकदा मी सगळ्यांना हाकलून दिलं. तीन दिवसांनी ते पुन्हा आले, मध्ये काहीच घडलं नाही अशा तोंडानं.

या गर्दीनंच माझा आकडा बिघडवला, अशी माझी खात्री झाली. कारण सव्वीस लावलेली डबी आता एकतीस-बत्तीस दाखवू लागली होती. यंत्र एकसारखं फूं फूं करत होतं, आणि आकडा खाली यायचं नाव घेत नव्हता. माणसाच्या अंगातून उष्णता बाहेर पडते, हे मी आठवीच्या वर्गाला शिकवलेलं. सहा माणसं, उघडं-बंद होणारं दार, चहाची किटली. सरळ हिशेब होता. पाहुणे संध्याकाळी गेल्यावरही आकडा तिथंच राहतो, याचंही उत्तर माझ्याकडे तयार होतं: दिवसभर भिंत तापलेली. मी लावलेलं तापमान सव्वीसवरून चोवीसवर आणलं, मग बावीसवर. कोणा पाहुण्यानं बटणं दाबू नयेत म्हणून डबीला कुलूप घातलं. चार आकड्यांचं कुलूप. ते फक्त मला ठाऊक.

रोज सकाळी मी बाहेरून यायचो, डबीवरची काजळी फडक्यानं पुसायचो, आकडा वाचायचो आणि पाहुण्यांना मनातल्या मनात शिव्या घालत बाहेर पडायचो. बाहेर सकाळीच पस्तीस. तिथून आलेल्या माणसाला खोली गारच वाटणार, तशी मला त्या दोन मिनिटांत वाटायची. आकडा चढा आहे एवढंच डोक्यात असायचं.

बायको एकदा म्हणाली, "अहो, मायचा हात लय गार लागून राह्यला."

"लकव्याचा हात गारच असते," मी सांगितलं. "रक्त कमी फिरते तिथं."

"डावाही गार हाये. अन् मलेबी थंडी वाजते इथं."

"बत्तीस दाखवून राह्यली डबी. बत्तीसमध्ये काऊन थंडी वाजन तुले?"

तिनं मायची चादर गळ्यापर्यंत ओढली. तीस वर्षं वर्गात उभं राहिल्यावर माणसाचा आवाज असा होतो की समोरचा गप्प बसतो, आणि आपण समजतो त्याला पटलं. मी मायच्या पलंगाशी वाकलो आणि विचारलं, "माय, बरं वाटते ना?"

"हाव," माय म्हणाली.

झालं, मला तेवढं पुरे होतं.

एका दुपारी खोलीत गेलो तर चुलतभाऊ मायची गोधडी अंगावर घेऊन झोपलेला. मायच्या अंगावर नुसती चादर. माझं डोकं फिरलं. मी ती गोधडी ओढली, त्याला उठवलं आणि त्याच्या बापजाद्यांपर्यंत पोचलो. तो डोळे चोळत म्हणाला, "दादा, रागावू नका, लय थंडी वाजत होती."

किळस आली मला. आजाऱ्याचं पांघरूण ओढून घेणारा माणूस. दिवसभर मी त्याच्या नावानं धुमसत राहिलो. पण मे महिन्यात, मलकापुरात, भरदुपारी एका धडधाकट माणसाला गोधडी का लागावी, हा प्रश्न विज्ञानाच्या मास्तरला पडला नाही. मायला कफ झाला होता, तोही मी त्या लोकांनी आणलेल्या सर्दीच्या खात्यावर टाकला.

त्यानंतर दोन दिवसांनी सकाळी अंगणात गेलो, तर बायको खोबरेल तेलाची बाटली उन्हात ठेवून शेजारी बसलेली. त्या तेलानं ती मायचा हात चोळायची.

"हे काय?" मी विचारलं.

"काही नाही. तेल पातळ करते."

मी बाटली उचलली. आत पांढरी ढेप. उलटी केली तरी हलेना. खोबरेल चोविसाच्या खाली गोठतं, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. बाटली रात्रभर मायच्या उशाशी होती.

"कधीपासून गोठते हे?"

"झाले आठ-दहा दिवस. रोज सकाळी उन्हात ठेवते."

"मले सांगितलं काऊन नाही?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही म्हणाले असते, बत्तीस दाखवते."

मी खोलीत गेलो. डबी बत्तीस दाखवत होती. तिच्या खाली, बरोबर खाली, समईची ज्योत सरळ वर जळत होती, आणि डबीच्या खालच्या कडेला काजळीची काळी पट्टी होती. तीच, जी मी रोज सकाळी स्वतःच्या हातानं पुसत होतो. उष्ण हवा वर जाते. हे मी किती पोरांकडून पाठ करून घेतलं, न आलेल्यांना किती छड्या मारल्या. डबी दिव्याची ऊब मोजत होती आणि मायला गारठवत होती, दिवसरात्र, मी घातलेल्या कुलपाआड. मी पलंगाशी गेलो, मायच्या गालाला हात लावला. गाल थंड होता. तिनं डोळे उघडले आणि डावा हात माझ्या मनगटावर ठेवला. तो हात किती दिवसांपासून चादरीवर मुठीत आवळलेला होता, आणि मी समजत होतो की तिला पाहुण्यांचा राग आला आहे.

यंत्र बंद करायला गेलो. कुलपाचे चार आकडे मला पटकन आठवेनात, म्हणून शेवटी भिंतीवरचा मोठा खटकाच पाडला. संध्याकाळी मायला ताप भरला. छातीत पाणी झालं होतं. नऊ दिवस ती दवाखान्यात होती, त्यातले तीन ऑक्सिजनवर. डॉक्टरांनी कारण विचारलं तेव्हा मी सांगितलं. ते कागदावर लिहीत राहिले. त्यांनी रागवायला हवं होतं.

चुलतभाऊ दवाखान्यातही आला. तिथं एसी नव्हता, फरशीवर जागाही नव्हती. तो दोन तास उभा राहिला, मायच्या पायावर गोधडी नीट केली, बायकोसाठी घरून भाकरी-पिठलं घेऊन आला होता. त्याची किळस करायची मला इतकी सवय झाली होती की ते पिठलं मला गिळवेना. थंडी वाजते असं त्या खोलीत मला तोंडावर सांगणारी माणसं दोनच, एक तो आणि एक बायको. दोघांनाही मी गप्प केलं होतं.

माय वाचली. दहाव्या दिवशी घरी आली. दिवा स्वयंपाकघरात नेला, सव्वा महिना तिथंच पुरा झाला. पोराला फोनवर सगळं सांगितलं तर तो म्हणाला, "बाबा, डबीची जागा बदलून घेऊ, साधी गोष्ट आहे." साधी आहेच. दुसरा माणूस आला, अर्ध्या तासात पाइप फिरवून डबी समोरच्या भिंतीवर लावून गेला. कुलूप काढून टाकलं. उशाशी खोबरेलाची बाटली असते आणि मी आधी तिच्याकडे पाहतो, मग डबीकडे.

घरी आल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी मायजवळ एकटा बसलो. तिचा डावा हात हातात घेतला. उबदार होता.

"माय, तुले थंडी वाजत होती ना त्या दिवसांत?"

"हाव."

"माह्यामुळं झालं."

"हाव."

"मले माफ केलं का?"

"हाव," माय म्हणाली आणि माझ्याकडे पाहत राहिली.

त्या डोळ्यांत काय होतं ते मी पाहिलं नाही. मान खाली घातली. वर्गात पोरांना मी सांगत असे, एकदा उत्तर मिळालं म्हणून खूश होऊ नका, प्रश्न उलटा करून विचारा, मग खरं-खोटं कळतं. उलटा प्रश्न सोपा आहे, चार शब्दांचा. माय, माफ नाही केलं? तो विचारला तर ती काय म्हणेल हे मला ठाऊक आहे. वर्ष झालं, मी रोज तिच्याजवळ बसतो, आणि अजून तो विचारलेला नाही.