दोनदा वाचलेले मीटर

आमच्या ह्यांना ऑफिसात सगळे ‘बिनचूक’ म्हणायचे. एकतीस वर्षं विजेचे मीटर वाचले, रोज शंभरेक दारं आणि तेवढेच जिने, पण एका आकड्याची चूक नाही. शेवटच्या चार-पाच वर्षांत तर प्रत्येक मीटर दोनदा वाचायला लागले. वाचायचं, लिहायचं, मग पेन कानावर अडकवून पुन्हा बघत उभं राहायचं. साहेबांनी त्याबद्दल प्रशस्तिपत्र दिलं. मी ते काच लावून भिंतीवर टांगलं आणि वर टोमणाही मारला, “घरात समोरची मिठाची बरणी दिसत नाही, लोकांचे आकडे मात्र दोन-दोनदा दिसतात!”

माझ्या जिभेला हाड नाही, ते पहिल्यापासूनच.

रस्त्यातही ह्यांचं तेच. बाजारातून येताना मध्येच थांबायचे, तेही बायकांच्या चपलांच्या दुकानासमोर. “तुमच्या मापाच्या मिळतायत का?” मी दोन्ही हातांत पिशव्या घेऊन ओरडायचे. हे नुसते हसायचे. आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. दुसऱ्या मजल्यावर मीटरची पेटी आहे, तिथंही उभे. “अहो, ड्युटी संपली तुमची, चला!” हे मी किती वेळा म्हटलं असेल, देव जाणे.

गेल्या महिन्यात टॉवेल वाळत घालता घालता खाली बसले, ते उठेचनात. दवाखाना झाला, तपासण्या झाल्या. डॉक्टरीणबाईंनी कागदावर हृदय काढून दाखवलं. “उजवी रक्तवाहिनी पूर्ण बंद आहे. आजची नाही, काही वर्षांची. डावीकडून बारीक फाटे फुटलेत, तेच तिकडे थोडं रक्त पोचवतात. त्यावर निभावलंय. छातीत दुखत नव्हतं?”

“नाही.”

“कधीच?”

“दुखायच्या आत थांबायचो ना,” हे म्हणाले. “छाती आवळायला लागली की मीटर पुन्हा वाचायचा. दुसरं वाचन होईपर्यंत मोकळं वाटायचं.”

ऑफिसच्या तपासणीत दरवर्षी विचारायचे, दुखतं का? ह्यांनी दरवर्षी खरं तेच सांगितलं, नाही म्हणून. इथंसुद्धा बिनचूक! बाहेर आल्यावर मी विचारलं, “मला का नाही सांगितलंत?”

“तू चिडली असतीस.”

चिडलेच असते.

ठरलं ते असं, की मनगटातून आणि मांडीतून, दोन्ही बाजूंनी केसासारखी बारीक तार घालायची, बंद जागेतून पार करायची, मग फुगा फुगवून वाट मोकळी करायची. सकाळी नऊला ह्यांना आत नेलं. दोन तास म्हणाले होते. मी आणि लेक बाकावर बसलो. साडेअकरा वाजले. साडेबारा. त्या दाराला एक गोल काच होती, पण आतून कागद चिकटवलेला. दीड वाजता डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. त्यांच्या पाठीला घामाने कपडा चिकटला होता.

“तार जात नाही,” त्या म्हणाल्या. “बंद जागेचं टोक दगडासारखं झालंय. डावीकडच्या फाट्यांतून, उलट्या बाजूनेही येऊन बघितलं. एकदा तर तार रक्तवाहिनीच्या भिंतीतच शिरली, म्हणून काढून घेतली.”

“मग अजून थोडा वेळ...”

“एक्स-रे आणि आत सोडायचं औषध, दोन्हींची हद्द झाली. आता रेटलं तर मूत्रपिंडं जातील. दोन महिन्यांनी पुन्हा बघू. होईलच, असं नाही सांगत.”

“आधी कळलं असतं तर?” लेकीनं विचारलं.

“कदाचित सोपं गेलं असतं.”

मी आयुष्यभर सगळ्यांशी भांडले. भाजीवाल्याशी, शाळेशी, सासरच्यांशी. तिथंही भांडायला तोंड उघडलं, पण भांडायचं कुणाशी? ती बाई साडेचार तास उभी होती. दोष कुणाचा म्हणाल, तर मीच ह्यांना पाच वर्षं “चला, चला” म्हणत जिने चढवले होते.

हे पूर्ण वेळ जागे होते. “सगळं ऐकू येत होतं,” म्हणाले. “आधी बोलत होते, मग सगळे गप्प झाले. तेव्हाच कळलं.” आणि मग माझंच तोंड बघून म्हणाले, “दोनदा बघितलं बिचाऱ्यांनी.”

तिसऱ्या दिवशी घरी सोडलं. लेक सामान घेऊन पुढे गेली. दुसऱ्या मजल्यावर हे मीटरच्या पेटीशी थांबले. सवयीनं हात कानाकडे गेला, पेन नव्हतं.

“तू हो पुढे, मी येतो,” म्हणाले.

‘चला’ जिभेवर आलं होतं, ते गिळलं. पिशवी खाली ठेवून मी त्यांच्या शेजारी उभी राहिले. त्यांनी आमच्या मीटरचे पाचही आकडे सावकाश, मोठ्यानं वाचले. ओठ अजून पांढरेच होते. तरी कठडा धरून वर निघाले.

“पुन्हा वाचा,” मी म्हटलं.

“अगं, बरोबर आहे.”

“माहितीये. पुन्हा वाचा.”