अहवाल मिळणार नाही

आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली. कॉलेजची पदवी म्हणाल तर अख्ख्या वस्तीत पहिली. कुणी विचारलं नाही तरी मी हे सांगते. त्याची लाज नाही. लाज दुसऱ्या गोष्टीची आहे.

पुण्याच्या एका प्रयोगशाळेत मी पीएच.डी. करते. विषय तोंडाचा कॅन्सर आणि रक्तात सापडणारे छोटे आरएनए. पेशीतल्या काही आरएनएवरून प्रथिनं तयार होतात, पुष्कळांवरून काहीच तयार होत नाही. खूप वर्षं लोकांना वाटायचं, हा कचरा. मग कळलं की कुठला जनुक किती चालू ठेवायचा, किती बंद, हे यातलेच बरेच जण ठरवतात आणि कॅन्सरमध्ये त्यांचं प्रमाण बिघडतं. "ज्यांना बिनकामाचं म्हटलं, त्यांच्याच हातात चाव्या निघाल्या," असं वाक्य मी सेमिनारमध्ये टाकायचे. टाळ्या पडायच्या. आपण कुठून आलो ते कळावं म्हणून मी ते जरा आमच्याकडच्या हेलातच म्हणायचे.

रुग्णांचे नमुने दवाखान्यातून मिळत होते. अडचण निरोगी लोकांची होती. तंबाखू-मिश्रीची सवय असलेली, पण तोंड साफ असलेली खेड्यातली माणसं तुलनेला हवी होती. सर म्हणाले, "ती कुठून आणायची?" मी म्हणाले, "माझ्या गावातून." गाव माझ्या मालकीचं असल्यासारखी म्हणाले.

शिरड शहापूरजवळ आमचं गाव. विहाराच्या ओसरीत सतरंजी टाकली, हिंगोलीहून रक्त काढणारा टेक्निशियन आणला, थर्माकोलच्या पेटीत बर्फ भरला. बाया आल्या, म्हातारे आले. "आमची डाक्टरीण आली" म्हणत आले. मी डॉक्टर नाही. पीएच.डी. झाल्यावर नावापुढे लागणारा डॉक्टर निराळा, हे त्यांना सांगायला मला दोन मिनिटं लागली असती. मी सांगितलं नाही. ऐकायला बरं वाटत होतं.

रक्त घेण्याआधी संमतीपत्र मोठ्याने वाचून दाखवावं लागतं. मराठी भाषांतर मीच केलेलं. त्यात एक ओळ होती: हे नमुने फक्त संशोधनासाठी आहेत, याचा अहवाल तुम्हाला मिळणार नाही. पहिल्याच माणसाला ती वाचून दाखवली तर तो गुडघ्यावर हात टेकून उठला. "रिपोटच न्हाई तं रक्त कशाला देऊ? मच्छरं पीत न्हाईत का फुकट?" सगळी ओसरी हसली. त्याच्यामागे आणखी दोघे उठले. पुण्याला रिकाम्या पेटीने कसं जायचं? पुढच्या माणसापासून ती ओळ मी वाचली नाही. चौदा जणांनी अंगठे दिले, सह्या दिल्या.

त्यांत शेजारची मोठी काकी होती. आई रोजाने कामाला गेली की मी तिच्याकडेच जेवायचे. तिचा नमुना काढून झाला, फॉर्म भरून झाला, पेटी बांधायला घेतली, तेव्हा ती जवळ येऊन म्हणाली, "बाई, गालाला आतून खरखर लागून राहिलं. तिखट खाल्लं की झोंबतंय. पाह्य जरा."

मी मोबाइलचा उजेड टाकला. डाव्या गालाच्या आत, मिश्री दाबून धरायची तिथे, पांढरा चट्टा होता. कडेला लाल. असले फोटो मी शेकड्याने पाहिले होते. तिला तिथल्या तिथे दवाखान्यात जा म्हणायला हवं होतं. शिवाय तिचा नमुना निरोगी गटातून काढावा लागला असता. पण पेटीतल्या बर्फाचं पाणी होत होतं, टेक्निशियन गाडीचा हॉर्न वाजवत होता, आणि एक कमी म्हणजे तेरा.

"रक्त घेतलंय ना काकी. त्यात समजंल सगळं."

"मंग मी रिपोटाची वाट पाह्यते."

"व्हय," मी म्हणाले. फॉर्मवर 'तोंडात जखम वा चट्टा' याच्यापुढे आधीच 'नाही' लिहिलेलं होतं. ते मी तसंच राहू दिलं.

चार महिन्यांनी आकडे आले. आलेखावर निरोगी लोकांचे ठिपके एका बाजूला, रुग्णांचे दुसऱ्या. एक ठिपका निरोगी गटातला, पण जाऊन बसला होता रुग्णांच्यात. नमुन्यांवर नाव नसतं, नंबर असतो. तो नंबर काकीच्या नळीवर मीच चिकटवलेला होता.

सरांनी विचारलं, "हा नीट घेतला होता?"

"बर्फ वितळला होता, सर. खराब झाला असेल."

"मग काढून टाक."

मी काढून टाकला. एका आकड्यावरून कुणाला कॅन्सर आहे असं ठरत नाही, हे खरं. पण मी तोंड पाहिलं होतं. त्या दिवशी गावाकडे फोन लावायला हातात घेतला आणि काय बोलायचं ते सुचेना म्हणून ठेवून दिला. पुढचे दिवस काम आहे, काम आहे असं स्वतःलाच सांगत राहिले.

नंतर आईचाच फोन आला. मोठ्या काकीला नांदेडला नेलं होतं. गालाचा तुकडा काढला, मानेपर्यंत टाके.

मी गेले तेव्हा काकी बाजेवर बसली होती. तोंड एका बाजूला ओढलेलं. सून वरणात भाकर कुस्करत होती. मला पाहून तिने ताट आपटलंच. "आल्या का ताई? आणला का रिपोट? सहा महिने आमी दवाखान्यात चल म्हणतो, तं ह्या म्हणत्यात, माझं रक्त पुण्याला गेलंय, पोरगी सांगंल."

काकी जड जिभेने तिच्यावर ओरडली. "गप. तिला काय एकच काम हाय का? हजार लोकायचे रिपोट राहत्यात तिच्याकडं."

ती माझी बाजू घेत होती. मी तिच्या पायाशी बसले आणि सगळं सांगितलं. मी डॉक्टर नाही. रिपोर्ट येणारच नव्हता. तसं कागदावर लिहिलं होतं, मी वाचलं नाही. चट्टा मला तेव्हाच ओळखू आला होता. आकडा वेगळा आला तो मी फेकून दिला.

तिने पदराने ओठाची कड पुसली. "मंग तवाच काहून न्हाई सांगितलं?"

"तू उठून गेली असती, काकी."

"व्हय," ती म्हणाली. "गेलेच असते. नांदेडला गेले असते."

सुनेने ताट पुन्हा पुढ्यात ओढलं. आता ती शिव्या देईल असं मला वाटत होतं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

काकीनेच विचारलं, "बाकीच्यायला सांगितलं का?"

नव्हतं सांगितलं. तेवढं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. रडायला आले होते मी, आणि माफी घेऊन परत जाणार होते.

"ऊठ मंग. आधी त्यायच्याकडं जा. मी कुठं पळून चालले?"

मी उठले. पहिल्या घरात कुणी नव्हतं. दुसऱ्या घरात म्हातारा ओट्यावर बसून तंबाखूत चुना मळत होता. ते तिघे उठून गेल्यावर सतरंजीवर सगळ्यांत आधी पुढे सरकून बसलेला. मी म्हणाले, "आबा, मी डॉक्टर नाही. तुमच्या रक्ताचा रिपोर्ट येणार नाही."

तो हसला. "अगं, काही आलं न्हाई म्हंजी चांगलंच आसंल, आसं धरून बसलो मी."

आतून त्याची बायको पदराला हात पुसत बाहेर आली. "आन् मंग ह्यायचं तोंड बराबर उघडंना झालंय, दोन बोटं जाईनात आत. ते कोणाला दाखवायचं?"

"उद्या," मी म्हणाले. "सकाळच्या गाडीनं. मी येते सोबत."

म्हाताऱ्याने मळलेली चिमूट क्षणभर हातात धरली, माझ्याकडे पाहिलं, आणि गालात टाकली. "उद्या पाहू," तो म्हणाला.

"पाहू न्हाई," बायको म्हणाली. "ताई, तुमी हितंच थांबा रातच्याला. न्हाईतर हे बी सुटत्यात आन् तुमी बी."