शेजारच्या खोक्यावरचा पत्ता

गोदामाच्या मागच्या खोलीत पत्ता हरवलेली पार्सलं येत. कुणाचं लेबल फाटलेलं, कुणाचं भिजून लगदा झालेलं. त्यांचा धनी शोधून त्यांना मार्गी लावणं हे मावशीचं काम. ती पार्सल आधी हुंगायची, मग कानाशी धरून हलवायची, दोरीची गाठ न्याहाळायची आणि उघडायची अगदी शेवटी. "कुणीतरी कुणासाठी बांधलंय, आपण कोण सोडणार?" असं तिचं म्हणणं. याची सगळ्यात जास्त टिंगल करायचा तो एक ड्रायव्हर. गाडी इतकी हळू चालवायचा, की गोदामात त्याला सगळे कासवच म्हणत.

त्या दिवशी मात्र कासवाचं तोंड एवढंसं झालं होतं. त्याचाच पाण्याचा कॅन गाडीत कलंडला होता आणि शाईने पत्ता लिहिलेलं एक खोकं चिंब भिजलं होतं. घेणाऱ्याचा पत्ता गेला, पाठवणाऱ्याचा गेला, नोंदीचा आकडाही धुऊन निघाला. चार दिवस मावशीने डोकं खपवलं आणि शेवटी नाइलाजाने खोकं उघडलं.

आत लहान मुलाचा बूट होता. एकच, डाव्या पायाचा, टाचेखाली चांगला दोन बोटं जाड तळ लावलेला.

"दुसरा राहिला वाटतं," कासव म्हणाला.

"राहिला नाही. एकच बनवलाय. एक पाय आखूड असणार बाळाचा." मावशीने बूट पुन्हा कागदात गुंडाळला. "आणि उद्या लिलावाची गाडी येतेय."

बेवारस मालाची ती गाडी एकदा आली, की खोली झाडून रिकामी व्हायची. कासवाला घाम फुटला. एका बुटाला लिलावात कोण विचारतो? तो सरळ कचऱ्यात जाणार, आणि तिकडे एक पोर दाराकडे डोळे लावून बसणार. हे सगळं आपल्या एका कॅनपायी, हे त्याला गिळता येईना.

"त्या दिवशी याच्या शेजारी काय होतं?" मावशीने विचारलं.

"एवढं कुठलं आठवायला, मावशी? रोजची भरताड."

"डोक्याला विचारू नकोस. हातांना विचार."

तिने त्याला रिकाम्या गाडीत नेऊन उभं केलं आणि त्या दिवशीसारखं भरायला सांगितलं. कासवाला आधी लाज वाटली. हवेतली खोकी उचलायची म्हणजे वेड्यांचा बाजार. पण दोन-चार वेळा हात हलले आणि मग ते आपसूकच चालू लागले. खाली जड, वर हलकं, कोपऱ्यात लांबुळकी गुंडाळी, तिला टेकून हे बुटाचं खोकं, आणि त्याला घट्ट दाबून... त्याचे हात तिथेच थांबले.

"शिंप्याचं दोऱ्यांचं खोकं," तो म्हणाला. आपल्याच हातांकडे तो बघत राहिला. एवढं सगळं यांच्यात होतं आणि त्याला पत्ताच नव्हता.

"चल," मावशी म्हणाली. आजवर तिला कामाच्या वेळेत गोदामाबाहेर पडलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

शिंपी त्यांना बघताच करवादला. खोकं ओलं दिल्याचा राग अजून त्याच्या नाकावर होता. पण खोकं त्याने टाकलं नव्हतं, चिंध्या भरून मशीनखाली सरकवलं होतं. मावशीने चिंध्या बाजूला काढल्या, भिंग लावून खोक्याची एकेक बाजू तपासली आणि चौथ्या बाजूशी तिचा हात थबकला. तिथे निळसर, उलट्या अक्षरांचे पुसट डाग होते. भिजलेली शाई दाबाखाली शेजारच्या खोक्यावर उमटली होती.

तिने ती बाजू शिंप्याच्या मोठ्या आरशासमोर धरली. आरशात अक्षरं सरळ झाली. गल्ली, घराचा क्रमांक, एका बाईचं नाव. कासवाने ती मोठ्याने वाचली. राग विसरून शिंपीही कात्री हातात तशीच धरून बघत राहिला.

त्या घराशी कासवाने गाडी थांबवली आणि पार्सल मावशीच्या हातात दिलं.

"तुम्हीच द्या."

"मी? मला काय बोलायचं ते ठाऊक नाही."

"पार्सल म्हणायचं, बस."

दार एका बाईने उघडलं. मावशी "पार्सल" म्हणाली तेही जेमतेम ऐकू आलं. बाईने कागद उलगडला आणि आत वळून हाक मारली. भिंतीला धरत एक मुलगी आली, उंबऱ्यावर बसली आणि आईने तिच्या पायात बूट चढवला. ती उठली. भिंतीवरचा हात तिने आधी सैल केला, मग काढला, आणि पायऱ्या उतरून थेट फाटकापर्यंत चालत आली, गाडी बघायला.

परतताना मावशी फाटक दिसेनासं होईपर्यंत मागे बघत होती. कासवही गाडी नेहमीपेक्षा हळू चालवत होता.

"इतकी वर्षं पार्सलं पाठवली रे," ती शेवटी म्हणाली, "पोचलेलं आज पहिल्यांदा पाहिलं."